अबू जुंदाल: गेवराई, रियाध आणि एका शब्दाचा घोळ

नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा 2018 चा एक आदेश रद्द केला आणि हल्लेखोरांना कराचीतून सूचना दिल्याचा आरोप असलेला झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याच्यावरच्या 26/11 खटल्याची गाडी पुन्हा रुळावर येण्याची वाट मोकळी झाली. हा खटला सात वर्षे अडून होता. त्यात साक्षीदार फुटला नव्हता की पुरावा गहाळ झाला नव्हता. आरोपी सौदी अरेबियातून दिल्लीला नेमका कसा आला, त्या प्रवासाच्या कागदांवरून सगळे थांबले होते.

26/11 च्या त्या तीन दिवसांत काय घडले हे इथे पुन्हा सांगत नाही. अन्सारीचे गाव बीड जिल्ह्यातले गेवराई. त्याने बीडच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. पोलिसांच्या नोंदीत तो ठळकपणे येतो तो 9 मे 2006 रोजी. चांदवड-मनमाड रस्त्यावर दहशतवादविरोधी पथकाने एका टाटा सुमोचा आणि एका इंडिकाचा पाठलाग केला. सुमो सापडली. 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47 रायफली आणि 3,200 काडतुसे हाती लागली. इंडिका मात्र निसटली आणि मालेगावच्या दिशेने गेली. ती अन्सारी चालवत होता, असे तपास सांगतो. पुढे बांगलादेशमार्गे तो पाकिस्तानात पोहोचला. शस्त्रसाठ्याच्या या प्रकरणाला तेव्हा ‘औरंगाबाद’ हे नाव पडले. शहराचे नाव बदलले तरी प्रकरण अजून जुन्याच नावाने ओळखले जाते.

नोव्हेंबर 2008 मध्ये कराचीतल्या नियंत्रण कक्षातून मुंबईतल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना दिल्या जात होत्या. ती संभाषणे भारतीय यंत्रणांनी ध्वनिमुद्रित केली. सूचना देणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडी ‘प्रशासन’ हा शब्द आल्याने तो भारतीय असावा, असा संशय बळावल्याचे पुढे छापून आले. या शब्दाला हिंदी शब्द म्हटले गेले आणि ते बरोबरच आहे. पाकिस्तानी उर्दू बोलणारा माणूस तिथे ‘इंतजामिया’ म्हणेल. पण गेवराईत वाढलेल्या माणसाच्या कानावर हा शब्द हिंदीतूनच पडायला हवा असे नाही. ‘जिल्हा प्रशासनाने टँकर सुरू केले’ हे वाक्य मराठवाड्यात दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात असतेच. हा माझा तर्क, पुरावा नव्हे. हल्लेखोरांना हिंदी शिकवणाऱ्या अबू जुंदालचा उल्लेख कसाबच्या जबाबातही होता. मात्र हे टोपणनाव आणि गेवराईचा फरार आरोपी एकच, हे जाहीरपणे सांगितले जायला जून 2012 उजाडला.

सौदीत तो आधी वर्षभर अटकेत होता. त्याच्याकडे रियासत अली या नावाचा पाकिस्तानी पासपोर्ट होता. पाकिस्तानने त्याच्यावर आपला नागरिक म्हणून हक्क सांगितल्याच्या बातम्याही आल्या. भारताने कुटुंबीयांच्या डीएनए नमुन्याशी जुळणी करून तो भारतीय असल्याचे दाखवले. त्यानंतर त्याला विमानात बसवून पाठवण्यात आले. दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षाने 21 जून 2012 ची अटक दाखवली आणि चार दिवसांनी बातमी फुटली. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांनी तो नियंत्रण कक्षात होता असे सांगितले, तर पाकिस्तानच्या मंत्र्यांचा सूर असा होता की माणूस तुमचाच आहे, मग दोष आमच्यावर कसा.

खरा घोळ त्याला आणले कसे, इथे आहे. त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांनी या घटनेला ‘प्रत्यार्पण’, ‘हद्दपारी’, ‘हस्तांतरण’ असे जो हाताला लागेल तो शब्द वापरला. (त्यातला पहिला खरे तर ‘प्रत्यर्पण’, पण ती लढाई आपण केव्हाच हरलो आहोत.) ‘हद्दपारी’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो तालुक्याचा गुंड, ज्याला पोलीस कायद्याखाली दोन जिल्ह्यांच्या बाहेर राहायला सांगतात. म्हणजे तडीपार. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मात्र हद्दपारी म्हणजे एखाद्या देशाने ‘हा परका माणूस आम्हाला इथे नको’ असे ठरवून त्याला त्याच्या देशाकडे रवाना करणे. त्यात त्याच्या गुन्ह्याविषयी त्या देशाने काही ठरवलेले नसते. प्रत्यर्पणात ते ठरवावे लागते. तिथे करार, न्यायालय, आरोपांची यादी आणि अटी असतात.

या अटीच महाग पडतात. 1962 च्या प्रत्यर्पण कायद्याचे कलम 21 सांगते की परत आणलेल्या आरोपीवर सामान्यतः ज्या गुन्ह्यासाठी त्याला सोपवले त्याच गुन्ह्याचा खटला चालवता येतो. वेगळा गुन्हा लावायचा तर सोपवणाऱ्या देशाची संमती हवी. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेमला पोर्तुगालने नोव्हेंबर 2005 मध्ये सोपवले ते फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या हमीवर. पुढे भारताने जादा कलमे लावली म्हणून 2011 मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने प्रत्यर्पणच रद्द ठरवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही जुलै 2022 मध्ये केंद्राला 25 वर्षांच्या शब्दाची आठवण करून द्यावी लागली. लिस्बनचा तो निकाल ताजा असतानाच अन्सारी दिल्लीत उतरला, हे लक्षात घ्यायला हवे.

सौदीशी प्रत्यर्पण करारावर 2010 मध्ये रियाध येथे सह्या झाल्या होत्या. तरी वाट निवडली ती हद्दपारीची. ती जलद होती, तिथे सौदी न्यायालयाचा प्रश्न नव्हता आणि भारतात कोणती कलमे लावायची यावर बंधन नव्हते. मला हा निर्णय चतुर वाटतो, पण त्याची किंमत चुकवावी लागली. अन्सारीचे म्हणणे होते की मला सौदीतच पकडून आणले. पोलीस म्हणत होते की अटक दिल्ली विमानतळावर झाली. मग त्या प्रवासाचे कागद द्या, अशी मागणी बचाव पक्षाने केली. 2018 मध्ये विशेष न्यायालयाने ती मान्य केली, त्याविरुद्ध दिल्ली पोलीस आणि केंद्राची खाती उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली आणि मुंबईतला खटला तिथेच थांबला. प्रत्यर्पण असते तर हे कागद दोन्ही देशांच्या न्यायालयांत आधीच पडून असते.

त्याआधी बरेच काही उरकले होते. शस्त्रसाठा खटल्यात 28 जुलै 2016 रोजी विशेष मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने अन्सारीसह 12 जणांना दोषी ठरवले. पुढच्या आठवड्यात त्याला जन्मठेप झाली. गुजरातमधल्या 2002 च्या दंगलीचा सूड म्हणून तिथल्या नेत्यांवर हल्ल्याचा कट होता, हे न्यायालयाने मान्य केले. मकोका मात्र टिकला नाही. ज्या कायद्याच्या नावाने न्यायालय बसले होते तोच कायदा निकालात लागू झाला नाही.

26/11 खटल्यातली सर्वांत गाजलेली साक्षही याच आरोपीच्या खटल्यात झाली. फेब्रुवारी 2016 मध्ये हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेच्या तुरुंगातून व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर 2015 मध्येच त्याला माफीचा साक्षीदार केले होते. मार्चमध्ये अन्सारीच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतली. हेडली स्वतः भारतात येणार नाही, हे 2010 मध्ये अमेरिकेशी झालेल्या त्याच्या गुन्हा-कबुली करारातच लिहून ठेवले होते.

हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा मात्र 10 एप्रिल 2025 रोजी दिल्लीत उतरला, तो पूर्ण प्रत्यर्पणाने. लॉस एंजेलिसपासून अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाच वर्षांचा कज्जा त्यामागे होता. त्याच्या प्रवासाचा कागदन् कागद त्या न्यायालयांच्या नोंदीत आहे.