सबवूफर कुठेही ठेवून चालत नाही

‘बेसला दिशा नसते, सबवूफर कुठेही ठेवा,’ असं बेस म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या या स्पीकरबद्दल सांगलीत ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. हे अर्धंच खरं. ८० हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही, पण किती येतो हे जागाच ठरवते. १४ फुटी खोलीत साधारण ४० हर्ट्झची लाट समोरासमोरच्या भिंतींत अडकते: भिंतींपाशी घुमते, मधोमध जवळपास नाहीशी होते. आणि नेमका तिथेच आपला सोफा! आधी तो दोन-अडीच फूट मागे घ्या. मग सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवून ढोलाचं एकच गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत ऐका. ठोका सुटा, भरीव ऐकू येईल ती जागा सबवूफरची. माझ्याकडे ती टीव्हीशेजारी नव्हे, देव्हाऱ्याखाली निघाली. फेजचं बटण (सबवूफरची लाट बाकी स्पीकरांच्या लाटेशी जुळवणारं) शेवटी, ० आणि १८० दोन्हीकडे करून बघा. बेस जास्त भरेल तिथे राहू द्या.