रसायनांपासून बचाव: आधी नाक, मग कातडी

रासायनिक कारखान्यात आज मास्क, गॉगल, ॲप्रन, गमबूट, हातमोजे हे सगळं एकदमच अंगावर चढतं. इतिहासात मात्र या वस्तू एकेक करून आल्या आणि पहिला मान नाकाला मिळाला. हिंगूळ घोटणारे कारागीर तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची सैल पिशवी बांधतात, असं प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवलं आहे. हिंगुळात पारा असतो, त्याची धूळ छातीत जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

धूळ अडवणं त्या मानाने सोपं, वायू अडवणं अवघड. १८५४मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने मास्कमध्ये लाकडी कोळसा भरला. कोळशाच्या बारीक छिद्रांत विषारी वायू अडकून राहतात. पण ही युक्ती घाऊक प्रमाणात वापरायला महायुद्ध लागलं. २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्र इथे क्लोरीन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा सैनिकांच्या हाती ओल्या फडक्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात कोळशाच्या डब्याचा मास्क आला. माणसं कारखान्यांतही गुदमरत होतीच, पण घाई झाली ती रणांगणासाठी.

हातमोज्यांची गोष्ट वेगळीच. १८८९-९०च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकाने सोलवटून निघाले. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी रबरी मोजे बनवून घेतले. म्हणजे शस्त्रक्रियेचा हा मोजा रुग्णाला जंतूंपासून जपायला नव्हे, तर रसायनापासून हात वाचवायला जन्मला.

१९३०नंतर निओप्रीन, ब्यूटाइल, नायट्राइल अशी कृत्रिम रबरं आली. इथे खरी मेख आहे. तेलाला दाद न देणारं नायट्राइल ॲसिटोन या द्रावकापुढे टिकत नाही. ब्यूटाइलचं नेमकं उलट. शिवाय मोजा कुठेही न फाटता रसायन रेणूरेणूने त्यातून आरपार जाऊ शकतं. ते मोजण्याची प्रमाण चाचणी अमेरिकेत १९८१मध्ये ठरली.

तरी ऑगस्ट १९९६मध्ये डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) मोज्यावर डायमिथाइलमर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे थोडेसे थेंब सांडले. त्या धूर ओढून घेणाऱ्या कपाटात काम करत होत्या, मोजे घातलेले होते. तेव्हाच्या रीतीप्रमाणे सगळं बरोबर. काही महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं आणि जून १९९७मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचणीत दिसलं, की हे द्रव्य तसल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आतच पार होतं. चाचणीची पद्धत हाताशी होती. या जोडीवर ती कुणी लावून पाहिली नव्हती, एवढंच.

१९९८मध्ये अमेरिकी कामगार सुरक्षा खात्याने पत्रक काढलं: आत प्लॅस्टिकच्या थरांचा लॅमिनेट मोजा, त्यावर निओप्रीनचा जाड मोजा, आणि जमेल तिथे हे रसायन वापरूच नये.