सत्याचे प्रकाशक : क्वेकर पुस्तिका आणि १६७३चा निर्णय

क्वेकरांच्या, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, जुन्या पुस्तिका वाचायला घेतल्या की आधी ‘प्रकाशन’ या शब्दापाशी थांबावं लागतं. पहिल्या पिढीतले प्रचारक स्वतःला ‘सत्याचे प्रकाशक’ म्हणवत आणि छापखान्याशी त्या नावाचा फारसा संबंध नव्हता. भर बाजारात उभं राहून किंवा चर्चमधलं प्रवचन संपताच उठून मोठ्याने सांगायचं, ते प्रकाशन. प्रत्येकाच्या अंतरी प्रकाश असतो असं मानणाऱ्या पंथाला आपला मराठी शब्द ‘पब्लिशर’ या मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही चपखल बसतो, हा योगायोग मला फार आवडतो. छापील पुस्तिका आली ती या बोलण्याला जोड म्हणून, जिथे माणूस पोहोचू शकत नाही तिथे त्याचा आवाज नेण्यासाठी. त्यामुळे लिहिलेलं कुणी तपासायचं हा पुढचा वाद खरं तर अंतःप्रेरणेने आलेलं बोलणं कुणी अडवायचं का, याचा वाद होता.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १६४१नंतर इंग्लंडमधली छपाईवरची पकड सैल झाली आणि पुस्तिकांचा पूर आला, हे परिचित आहे. क्वेकर त्यात १६५२च्या सुमारास उतरले. अगदी पहिल्या पुस्तिकांपैकी एक यॉर्कच्या किल्ल्यातल्या कैद्यांच्या, त्यांत स्त्रियाही होत्या, नावाने निघाली. हस्तलिखितं उत्तरेतून लंडनला जात. तिथे सेंट पॉल कॅथीड्रलच्या पश्चिम टोकाला, पंख पसरलेल्या काळ्या गरुडाची पाटी असलेल्या दुकानातून बहुतेक पुस्तिका बाहेर पडत. छपाईच्या आणि प्रवासाच्या खर्चाला केंडल गावी जमवलेला निधी असे. आकार ठरलेला: एक कागद दोनदा घडी घालून आठ पानं. असा एक-दोन कागदांचा ऐवज खिशात मावे, थोड्या पैशांत मिळे आणि धाड पडली तर झटकन लपवताही येई. शीर्षकपानावर लेखकाची ओळख अनेकदा ‘ज्यांना तुच्छतेने क्वेकर म्हणतात त्यांच्यापैकी एक’ अशी दिलेली असे. विरोधकांनी दिलेलं नाव टाकून न देता स्वतःच छापायचं, यात केवढी हिंमत होती!

१६५६मध्ये दोन क्वेकर स्त्रिया अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळची शंभरेक पुस्तकं जप्त करून जाळण्यात आली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि क्वेकर पुस्तक आणणाऱ्याला पाच पौंड दंड लागू झाला. १६५९मध्ये धार्मिक कर, म्हणजे दशांश, रद्द करा अशी मागणी करणारा सात हजारांहून अधिक स्त्रियांचा अर्ज पार्लमेंटपुढे गेला आणि तो नावांसकट छापला गेला. छापवून घेणारी प्रकाशकही स्त्रीच होती.

यानंतर वारं फिरलं. त्याची चाहूल १६५६मध्येच लागली होती. एका आघाडीच्या प्रचारकाने ख्रिस्ताच्या जेरुसलेम प्रवेशासारखा ब्रिस्टल शहरात प्रवेश केला, पार्लमेंटने त्याची जीभ तापल्या लोखंडाने भोसकवली आणि एका माणसाच्या प्रेरणेची किंमत सगळ्या पंथाने मोजली. १६६२च्या परवाना कायद्याने छपाई पुन्हा जखडली. परवाना न घेता आणि मुद्रकाचं नाव न घालता छापणं गुन्हा ठरला. क्वेकरांना परवाना मिळण्याची आशाच नव्हती, म्हणून ते बेकायदा छापत राहिले. छापखान्यांवर धाडी पडत, छापलेले कागद जप्त होत, मुद्रक तुरुंगात जात. १६६८मध्ये एका तरुण क्वेकराच्या पुस्तिकेत त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धांत नाकारल्याचा आरोप झाला. लेखक टॉवर ऑफ लंडनमधल्या कैदेत गेला आणि मुद्रकालाही अटक झाली.

या पार्श्वभूमीवर १६७३चा निर्णय समजून घ्यायला हवा. त्या सप्टेंबरात लंडनमध्ये ज्येष्ठांची एक बैठक सुरू झाली. सोमवारी सकाळी भरायची, पण वारांची नावं मूर्तिपूजकांच्या देवांवरून आलेली म्हणून क्वेकर ती टाळत आणि तिला ‘दुसऱ्या दिवसाची सकाळची बैठक’ म्हणत. पंथातल्या कुणाचंही लिखाण छापण्याआधी इथे मोठ्याने वाचलं जाई. मग मंजुरी, दुरुस्ती किंवा नकार.

ही सेन्सॉरशिप होती का? पंथाच्या बाजूने लिहिणारे म्हणतात की खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून होणार आणि एका वाक्यापायी शेकडो लोक तुरुंगात जाणार, तर सगळ्यांनी मिळून वाचणं योग्यच. हे मला पटतं. पण त्यांनी या बैठकीची इतिवृत्तं निवांत वाचावीत. ‘देव सांगतो’ अशा थेट सुरातलं, राजाला किंवा एखाद्या शहराला शापवाणी ऐकवणारं लिखाण परत जाताना दिसतं, आणि त्यात स्त्रियांचं लिखाणही आहे. वीस वर्षांपूर्वी याच सुराने पंथ उभा केला होता. प्रेरणा झाली हे छापायला पुरेसं कारण उरलं नाही, बैठकीला ती प्रेरणा ओळखता यावी लागे. पंथसंस्थापकाचाच एक कागद या बैठकीने अडवला, तेव्हा त्याने पत्रातून सुनावलं की माझे कागद वाचू नयेत असे हुकूम काढण्यासाठी मी ही बैठक उभी केलेली नाही. ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त मान, त्याचीही ही गत असेल, तर यॉर्कशरमधल्या एखाद्या अनोळखी बाईच्या हस्तलिखिताचं काय होत असेल?

याच वादाचं सर्वांत दुखरं प्रकरण समुद्रापलीकडे घडलं. लंडनमधल्या एका क्वेकर मुद्रकाचा शिकाऊ आणि पुढे जावई झालेला तरुण १६८५मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीत गेला आणि त्याने तिथला पहिला छापखाना उभारला. १६९२मध्ये त्याने पंथातल्या एका बंडखोराची पुस्तिका छापली. वसाहतीत सत्ता क्वेकरांची, न्यायाधीशही तेच. त्यांनी मुद्रकाला अटक केली आणि त्याचे छपाईचे खिळे जप्त केले. एक आरोप असा, की पुस्तिकेवर मुद्रकाचं नाव नाही. म्हणजे ज्या १६६२च्या कायद्याखाली इंग्लंडमध्ये यांचे मुद्रक तुरुंगात गेले, त्याचाच आधार! मजकूर राजद्रोही आहे की नाही हेही ज्यूरीनेच ठरवावं, असा मुद्दा मुद्रकाने खटल्यात लावून धरला. ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि १६९३मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला. या खटल्यावर क्वेकर इतिहासात सहसा घाईने पान उलटलं जातं, ते मला खटकतं.

लंडनमध्ये त्याच सासऱ्याचा छापखाना १६९१च्या सुमारास त्याच्या दुसऱ्या मुलीच्या हाती आला. स्वतः खिळे जुळवण्यात ती तरबेज होती आणि १७४९पर्यंत क्वेकरांची मुख्य मुद्रक राहिली. काही वर्षं तिच्या पुस्तकांवर आईचं नाव छापलेलं आढळतं. संस्थापकाची दैनंदिनी, त्याच्या मृत्यूनंतर संपादित होऊन, १६९४मध्ये निघाली आणि सुरुवातीच्या काही प्रखर जागा तिच्यात सौम्य झाल्या किंवा गळल्या. पुढच्याच वर्षी परवाना कायदा संपला. सरकारी बंधन गेलं तरी सोमवारची बैठक मात्र चालू राहिली.

तिच्या सुरुवातीच्या दिवसांतला आणखी एक ठराव होता: आपल्या लोकांच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती आणि आपल्याविरुद्ध लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत जमवावी. लंडनचं क्वेकर ग्रंथालय त्यातून उभं राहिलं. १८६७मध्ये क्वेकर पुस्तकांची आणि १८७३मध्ये क्वेकरविरोधी पुस्तकांची अशा दोन मोठ्या सूची निघाल्या, त्यामागेही हीच विभागणी आहे. नाकारलेल्या हस्तलिखितांसाठी त्या ठरावात कलम नव्हतं.