शिडीवरून पडल्यावर भरपाईचा अर्ज कसा करायचा

साइटवर शिडी घसरली की पहिला कागद तयार होतो दवाखान्यात. केसपेपर लिहिताना "कसं लागलं?" असं विचारतात आणि सोबत आलेला मुकादमच सांगून टाकतो, "घरी पाय घसरला." निम्मा दावा तिथेच बुडतो. "साइटवर काम करताना शिडीवरून पडून" हे शब्द केसपेपरवर हवेतच. स्वतःला वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या.

1923 च्या कायद्यातली कर्मचारी भरपाईची तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं दाखवलं की पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठेकेदारामार्फत लागलेला गवंडी, पेंटर, बिगारीही पात्र. ठेकेदार हात वर करत असेल तर बिल्डरवर दावा लावता येतो. तीन दिवसांत बरी होणारी इजा मात्र धरत नाहीत. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) संरक्षण असेल तर लाभ तिकडूनच घ्यायचा. "दारू प्यायला होता" हा मालकाचा ठरलेला बचाव. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तो चालत नाही.

आधी मालकाला लेखी नोटीस द्या, पोचपावती जपा. मग 2 वर्षांच्या आत भरपाई आयुक्तांकडे (संहितेत 'सक्षम प्राधिकारी') अर्ज. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे चालतो. गावी परतलेल्याला याचा मोठा आधार.

सोबत केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, अपंगत्वाचा दाखला, आधार आणि वयाचा पुरावा. खरी अडचण मजुरीच्या पुराव्याची, कारण मस्टर (हजेरीपट) मालकाच्या ताब्यात. मुकादमाने फोनवरून पाठवलेले पैसे, हजेरीच्या वहीचा फोटो, सोबत्यांचे जबाब, जे मिळेल ते लावा. त्या शिडीचाही फोटो काढा, दुसऱ्या दिवशी ती जागेवर नसते.

कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक मजुरीच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा). वय 30 ला गुणक 207.98, मजुरी 15,000 धरली तर 18,71,820 रुपये. टाचेचं हाड मोडून कमाईची क्षमता 20 टक्के घटली तर त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3,74,364. उपचाराचा खर्च वेगळा.

मधेच कोणी रोख रक्कम देऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नका. एकरकमी तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि मृत्यूची भरपाई तर त्यांच्याकडेच जमा व्हावी लागते.