वुडकट आणि वुड एन्ग्रेव्हिंग: मासरेल वेगळा, वॉर्ड वेगळा

शब्दच नसलेली, नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची कादंबरी म्हटलं की बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरेल आणि अमेरिकन चित्रकार लिंड वॉर्ड ही नावं जोडीनंच येतात आणि दोघांचं तंत्रही एकच असं लोक धरून चालतात. तसं नाहीये. मासरेलचे वुडकट, वॉर्डचं वुड एन्ग्रेव्हिंग. दोन्हीत लाकूड कोरून, त्यावर शाई लावून कागदावर छाप घेतात, कोरलेलं ते पांढरं उमटतं, उरलेलं काळं, म्हणून घोळ होतो.

खरा फरक लाकूड कसं कापलंय त्यात आहे. घरातला पोळपाट बघा, त्यावर लाकडाच्या रेषा आडव्या लांब जातात, वुडकटची फळी तशी. आणि मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका आठवा, वरून वर्तुळं दिसतात ना, एन्ग्रेव्हिंगचा ठोकळा तसा बुंधा आडवा कापून काढलेला. फळीवर फार बारीक काम करायला गेलं की रेषेवरून कपचा निघतो, आडव्या कापावर मात्र हत्याराचं टोक कुठल्याही दिशेला सारखंच फिरतं, त्यामुळे वॉर्डला केसासारख्या रेघा शेजारी शेजारी ओढून राखाडी छटा आणता आल्या.

मासरेलकडे राखाडी जवळजवळ नाहीच आणि मला तेच प्रचंड आवडतं. जन्म १८८९चा, ब्लांकेनबर्गचा, वाढला गेंटमध्ये, पहिल्या महायुद्धात जिनिव्हात राहून 'ला फय' या पेपरसाठी युद्धाविरुद्ध चित्रं काढायचा. ती शाईची, वुडकट नव्हेत (इथेही लोक फसतात), पण चार फटकाऱ्यांत सगळं सांगायची सवय तिथलीच असावी असं मला वाटतं. १९१९चं त्याचं पुस्तक बघा, १६७ चित्रं, एक माणूस ट्रेननं शहरात येतो, जगतो, प्रेम करतो, शेवटी जंगलात मरतो आणि सांगाडा होऊन उठतो, स्वतःच्याच काळजावर पाय देतो, मग ताऱ्यांमधून हात हलवत चालू लागतो. ते तारे म्हणजे फळीवरून उडवलेले लाकडाचे छिलके, बाकी काही नाही!

वॉर्ड शिकागोचा, १९०५चा. जर्मनीत लाइपझिगला शिकताना एका पुस्तकाच्या दुकानात त्याच्या हाती मासरेलचं 'सूर्य' लागलं आणि तिथून त्याची वाट ठरली. १९२९मध्ये त्याचं 'गॉड्स मॅन' आलं, १३९ चित्रांचं, नेमकं न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला त्या आठवड्यात.

मासरेल १९७२ला फ्रान्समधल्या आव्हिन्यॉत वारला. त्याच वर्षी बेल्जियममधल्या कास्टरलेला त्याच्या नावानं छापचित्रांचं केंद्र सुरू झालं, तिथे आजही बाहेरून कलाकार येऊन राहतात आणि काम करतात.