क्लोरीन बरोबर आहे, तरी पाणी हिरवं का? (स्टॅबिलायझरबद्दल थोडं सविस्तर)

"अहो क्लोरीन तर ३ दाखवतंय, मग पाणी हिरवं कसं काय झालं?" उन्हाळा अर्धा सरला की आम्हाला असे फोन सुरू होतात, आणि दर वेळी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढू. पूल उघड्यावर असेल आणि तुम्ही क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर हे नक्की वाचा. पूल छताखाली असेल तर तिथं ऊनच नाही, त्यामुळे स्टॅबिलायझरची गरज नाही, तुम्ही सेफ्टीचा भाग तेवढा बघून घ्या.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. काही डब्यांवर कंडिशनर लिहिलेलं असतं, वस्तू तीच. त्याचं काम काय, तर उन्हापासून क्लोरीन वाचवणं. नुसतं क्लोरीन टाकलं आणि कडक ऊन पडलं की पाऊण तासात जवळजवळ निम्मं संपतं, म्हणजे सकाळी टाकलेलं दुपारच्या जेवणापर्यंत नावाला उरतं. स्टॅबिलायझर असला की तो बरंचसं क्लोरीन स्वतःला धरून ठेवतो आणि खर्च होईल तसं थोडं थोडं सोडतो.

आता गंमत इथंच आहे. तो जितका जास्त तितकं धरून ठेवलेलं क्लोरीन जास्त आणि मोकळं क्लोरीन कमी, आणि शेवाळ काय, जंतू काय, मारायचं काम मोकळंच करतं. टेस्ट किटला मात्र दोन्ही सारखीच दिसतात, कारण किटमधलं औषध धरलेलं क्लोरीनसुद्धा ओढून घेतं. म्हणून आकडा छान येतो आणि पाणी हिरवं होतं. म्हणजे नुसत्या क्लोरीनच्या आकड्याला काही अर्थ नाही, सोबत स्टॅबिलायझर किती आहे ते माहीत पाहिजे.

साधा हिशोब लक्षात ठेवा, क्लोरीन हे स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्के तरी हवं. स्टॅबिलायझर ४० पीपीएम (म्हणजे १००० लिटर पाण्यात ४० ग्रॅम) असेल तर क्लोरीन ३ पुरतं. तोच १०० झाला तर साडेसात लागेल, आणि तुम्ही आपले ३ वर खूश! घरच्या पूलला स्टॅबिलायझर ३० ते ५० च्या मधे ठेवा असं आम्ही सांगतो. (सॉल्ट क्लोरीनेटर, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन असेल तर थोडा जास्त चालतो, मशीनच्या मॅन्युअलमधे आकडा असतो तो बघा.)

मग हा वाढतो कुठून, आम्ही तर स्टॅबिलायझर कधी टाकलाच नाही, असं बरेच जण म्हणतात. तर तो गोळीतूनच येतो. टीसीसीए ९० च्या ज्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या आपण फ्लोटरमधे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत ठेवतो त्यात क्लोरीनसोबत सायन्युरिक अ‍ॅसिड असतंच, वेगळं काढता येत नाही. ५० हजार लिटरचा पूल धरा. २०० ग्रॅमची एक गोळी विरघळली की क्लोरीन साधारण साडेतीन पीपीएम मिळतं आणि स्टॅबिलायझर २ पीपीएमने वाढतो. आठवड्याला ५ गोळ्या म्हणजे १० पीपीएम, अडीच महिन्यात शंभरी. क्लोरीन रोज खर्च होतं पण हा होत नाही, पाणी वाफ होऊन गेलं तरी हा मागेच राहतो, आणि वरून तुम्ही परत पाणी भरता, परत गोळी टाकता. पाणी कुठं मुरतंय ते असं.

एसडीआयसी नावाच्या क्लोरीन पावडरमधे तर तेवढ्याच क्लोरीनमागे स्टॅबिलायझर गोळीपेक्षाही जास्त येतो. लिक्विड क्लोरीन म्हणजे हायपो, त्यात अजिबात नसतो. कॅल्शियम हायपोक्लोराइटमधेही नसतो, फक्त त्यानं पाण्याचा कडकपणा वाढतो. आमचं मत विचाराल तर गोळ्या बाहेरगावी जाताना वापरा, एरवी रोजचं काम हायपोवर चालवा. हायपो सांभाळायची कटकट आहे हे मान्य, ते उन्हात-उकाड्यात ठेवलं की कमजोर होतं, कॅन ताजा आणि सावलीत लागतो, तरीही.

एका ग्राहकाचा किस्सा सांगतो, आणि यात चूक आमचीच होती. त्यांना आम्ही एक अख्खा सीझन गोळ्या पुरवल्या आणि स्टॅबिलायझर एकदाही मोजला नाही. पाणी हिरवट झालं, आम्ही शॉक दिला, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकलं, दोन दिवस बरं, परत हिरवं, परत शॉक. तिसऱ्या वेळी मोजला तर नळीत १०० च्या खुणेपर्यंत पाणी यायच्या आतच तळाचा काळा ठिपका गायब, म्हणजे १०० च्या वर! मग त्याच पाण्यात तितकंच नळाचं पाणी मिसळून परत मोजलं, ७० आला, म्हणजे खरा १४०. त्या पाण्यात आम्ही ओतलेलं सगळं क्लोरीन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ठिपक्याची ही टेस्ट बाहेर उजेडात करायची, सूर्य पाठीमागे, नळी आपल्याच सावलीत, कमरेच्या उंचीवर. पाणी आणि औषध समसमान घेऊन अर्धा मिनिट हलवा, ते दुधासारखं गढूळ होतं, मग हळूहळू नळीत ओता आणि वरून बघत रहा, ठिपका दिसेनासा झाला की थांबा आणि पाणी जिथवर आलंय तिथला नळीवरचा आकडा वाचा. डोळे बारीक करून शोधत बसू नका, पटकन नजर टाकून दिसत नाही म्हणजे नाही. स्ट्रिपवर स्टॅबिलायझरचा रंग ओळखणं म्हणजे अंदाजपंचे, आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. महिन्यातून एकदा ही टेस्ट पुरे, क्लोरीन आणि पीएच मात्र एक दिवसाआड तरी बघा. पीएच ७.२ ते ७.८, गोळ्या आंबट असतात त्यामुळे तो खाली जात राहतो.

अजून एक फसगत. क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंगाची टेस्ट रंगच उडवून टाकते आणि पाणी पांढरं दिसतं, लोकांना वाटतं क्लोरीन शून्य, आणि अजून ओततात. शंका आली की साधं पाणी मिसळून परत टेस्ट करा, रंग आला तर समजा जास्त झालंय.

वाढलेला स्टॅबिलायझर कमी करायचा तर पाणी बदलायचं, घरच्या पूलला हाच खात्रीचा उपाय. १०० वरून ५० वर यायचं तर अर्धं पाणी काढा, १२० वरून ४० वर यायचं तर दोन तृतीयांश. एकदम सगळं उपसू नका हं, जमिनीखाली पाणी वर असेल तर रिकामा पूल उचलला जातो, तडे जातात. दोन-तीन टप्प्यात करा.

उलट नवीन पाणी भरलंय आणि स्टॅबिलायझर शून्य आहे, तर १००० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. ५० हजार लिटरला ३० हवा तर दीड किलो. तो हट्टी आहे, लवकर विरघळत नाही, जुन्या मोज्यात भरून पाणी पूलमधे येतं त्या तोंडापुढे लटकवा आणि अधूनमधून दाबा. थेट ओतून तळाशी ढीग करू नका. तो पूर्ण विरघळेपर्यंत बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं) नको, आणि आठवड्याभरानं मोजा, दुसऱ्या दिवशी मोजून "कमी आहे" म्हणून अजून टाकू नका.

सेफ्टी. गोळ्या आणि कॅल्शियम हायपो कधीही एकत्र करू नका, एकाच फ्लोटरमधे नाही, एकाच मापात सुद्धा नाही, आग लागते, स्फोट होतो. क्लोरीन आणि अ‍ॅसिड जवळजवळ ठेवू नका, मिसळले तर विषारी वायू. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. डबा उघडताना तोंड लांब, आणि वारा आपल्या पाठीमागून.

मोजायला जमत नसेल तर पाणी आमच्याकडं आणा. कोपरापर्यंत हात बुडवून खालचं घ्या, पाणी येतं त्या तोंडाजवळचं नको, बाटली स्वच्छ धुतलेली. स्टॅबिलायझर दोन दिवसांनी मोजला तरी तोच येतो, पण क्लोरीन बाटलीत टिकत नाही, त्यामुळे क्लोरीनचा आकडा तिथंच पूलच्या कडेला घेऊन बाटलीवर लिहून आणा, सोबत पूल किती लिटरचा तेही.