कॅक्टायचे सर्व्हर-स्थलांतर

राउटर, स्विच यांच्याकडून एसएनएमपीने (नेटवर्क-उपकरणांना माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल) आकडे घेऊन त्यांचे आलेख काढणारी कॅक्टाय ही मुक्तस्रोत प्रणाली नव्या सर्व्हरवर नेताना दोन गोष्टी हलवाव्या लागतात: मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीतला डेटाबेस आणि ‘आरआरए’ फोल्डरमधल्या आरआरडी फाइली, म्हणजे वेळेनुसार आकडे साठवणाऱ्या ठरावीक आकाराच्या फाइली. डेटाबेसात उपकरणांची यादी, टेम्प्लेट आणि वापरकर्ते असतात. आलेखांमागचा इतिहास मात्र आरआरडीत असतो, त्यामुळे नुसता डेटाबेस नेला तर आलेखांची नावे दिसतात, रेषा दिसत नाहीत.

आरआरडी फाइल ज्या यंत्रावर बनली त्याच्या घडणीला बांधलेली असते. ३२-बिट सर्व्हरवरची फाइल ६४-बिट सर्व्हरवर तशीच चालत नाही. जुन्या बाजूला आरआरडीटूलच्या (या फाइली हाताळणारा प्रोग्रॅम) ‘डम्प’ने तिची एक्सएमएल, म्हणजे मजकूर-रूपातली फाइल, करायची आणि नव्या बाजूला ‘रिस्टोअर’ने पुन्हा आरआरडी. एक्सएमएल मूळ फाइलीच्या कितीतरी पट फुगते, तेव्हा डिस्कवरची जागा आधीच बघावी. दोन्ही सर्व्हर ६४-बिट एक्स८६ असतील तर आरसिंक (फक्त बदललेला भाग नेणारे कॉपीचे साधन) पुरते.

नेहमीच्या मांडणीत पोलर, म्हणजे उपकरणांकडून आकडे गोळा करणारा भाग, दर ३०० सेकंदांनी धावतो आणि हार्टबीट, म्हणजे दोन नोंदींमधला चालण्याजोगा कमाल खंड, ६०० सेकंदांचा असतो. त्यापेक्षा जास्त खंड पडला की आलेखात फट राहते, आणि ती नंतर भरून निघत नाही. म्हणून पोलर चालू असतानाच एकदा आरसिंक करावे, मग तो थांबवून फक्त उरलेले बदल न्यावेत. नव्या सर्व्हरचे घड्याळ मागे असेल तर आरआरडीटूल जुन्या वेळेची नोंद घेतच नाही. म्हणून घड्याळ जुळवणारे एनटीपी आधी लावावे.

आवृत्ती दोन्हीकडे सारखी ठेवावी. अपग्रेड नंतर, नाहीतर बिघाड स्थलांतराचा की अपग्रेडचा हे कळत नाही. आरआरडीटूल, पीएचपी आणि स्पाइन (कॅक्टायचा वेगवान पोलर) यांचे पाथ डेटाबेसातून जसेच्या तसे येतात, ते सेटिंग्जमध्ये तपासावेत. डेटाबेसचा नवा पासवर्ड ‘इन्क्लूड’ फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत घालावा.

सगळीच उपकरणे एकदम ‘डाउन’ दिसली तर बहुधा राउटरवरच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत) जुन्याच सर्व्हरचा आयपी पत्ता आहे. एसएनएमपी नकार कळवत नाही, नुसता टाइमआउट होतो. जुना पत्ताच नव्या सर्व्हरला दिला तर हे टळते.

आणखी एक नेहमीची चूक: चाचणीसाठी पोलर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून हाताने चालवणे. तेव्हा तयार झालेल्या आरआरडी फाइली रूटच्या मालकीच्या होतात, क्रॉनमधल्या (ठरावीक वेळी पोलर चालवणारी सोय) वापरकर्त्याला त्यांत लिहिता येत नाही, आणि नेमके तेवढेच आलेख पुढे सरकत नाहीत.